राखीव चौघे

२ ऑगस्ट

ती. मामास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मे शब्द ऐकू येतात आणि उरलेले निम्मे तुम्ही मनाने भरता, म्हणून मामीच्या हुकुमावरून हे पत्र. मागच्या वेळी मी ‘बदली झाली’ म्हटलं, तुम्ही ‘सर्दी झाली’ ऐकलंत आणि मला आठ दिवस काढ्याच्या कृती येत होत्या.

मी मजेत आहे. प्रयोगशाळेत कवळ्यांचं काम जोरात चाललंय. या घटकेला अकरा जणांचे दात माझ्या टेबलावर हसत बसलेत. डोकं खाताहेत त्या माझ्या मैत्रिणी. कॉलेजच्या फुटबॉल संघातल्या आम्ही दरवर्षी फोनवर एक लीग खेळतो, हे तुम्हाला माहीत आहे. खऱ्या खेळाडूंमधून प्रत्येकीने आपला कागदी संघ निवडायचा, मैदानात ते जे करतील त्याचे गुण आपल्याला. धावायचं त्यांनी, मिरवायचं आम्ही.

यंदा ती कशी खेळायची यावरून जुंपली आहे. नर्सबाईंना मोकळी निवड हवी: कुणीही कुणालाही घ्यावं, एकच खेळाडू चौघींकडे असला तरी चालेल, आणि शेवटी गुणांची बेरीज. म्हणजे ड्यूटी सांभाळून खेळता येतं. वकीलबाईंना वाटणी हवी: एक खेळाडू एकीचाच, सगळ्यांनी एकत्र बसून पाळीपाळीने निवडायचे आणि दर आठवड्याला दोघीदोघींचे सामने. जुळ्या बहिणींना जी शेवटी बोलेल तिचं पटतं. पंधरा तारखेपर्यंत ठरलं नाही तर लीग बंद, आणि लीग बंद झाली की आम्ही एकमेकींना फक्त वाढदिवसाला आठवणार. मला या विचाराने खरंच भीती वाटते.

माझं मत मोकळ्या निवडीला, कारण आम्ही पाचच उरलोय आणि सामन्यांना सम संख्या लागते. पण निकाल तुम्ही द्या. तुम्हाला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा तुमच्याइतका निःपक्षपाती पंच मिळायचा नाही.

मामीला नमस्कार. माया आहेच, ती पत्रातूनही येऊ द्या.

तुमची,
भिंगरी

६ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पोचले. शुद्धलेखनाच्या चुका तीन, त्या सोबतच्या कागदावर दाखवल्या आहेत. छापखान्यात चौतीस वर्षे मुद्रिते तपासली, ती सवय पेन्शनीबरोबर जात नाही. पण चौथी चूक शुद्धलेखनाची नाही. तू लिहितेस, ‘पाचच उरलोय’. मुद्रितात ओळ गाळलेली असली की मला ती आधी दिसते. तुमची सहावी कुठे आहे? ती गोलरक्षक, जिला तुम्ही भिंत म्हणता?

तिचा गुडघा गेला हे मला ठाऊक आहे. सरावात एकाच चेंडूवर तुम्ही दोघी झेपावलात आणि तुझा धक्का लागला, हे तूच मामीच्या मांडीवर डोके ठेवून सांगितले होतेस. पण फोनवर खेळायला गुडघा लागतो काय? ती नको म्हणाली, की तिला न विचारताच तू नाव गाळलेस? हे मामी विचारते आहे. मीही विचारतो आहे, पण तिचा आवाज मोठा.

माझा निकाल: वाटणी आणि सामने. मोकळ्या निवडीत कुणाचे कुणावाचून अडत नाही. वाटणीत एक जण आली नाही तर सगळ्यांचा खोळंबा. मैत्रिणींना असाच खेळ बरा. नर्सबाईंना सांग, बैठक त्यांच्या सुट्टीच्या दिवशी ठेवा.

सहावा गडी म्हणून भिंतीच्या जागी मी खेळतो. वर्तमानपत्राची क्रीडा पाने वाचून चाळीस नावांची यादी पसंतीच्या क्रमाने सोबत जोडली आहे. ज्यांच्या नावाचे स्पेलिंग दर आठवड्याला बदलते ते वगळले. चौघांपुढे ‘राखीव’ असे लाल शाईने लिहिले आहे, तिकडे नीट लक्ष दे.

मामीचे आशीर्वाद. जीव लाव आणि जपून राहा.

तुझा,
मामा

२३ ऑगस्ट

ती. मामास,
सा. न. वि. वि.

निकाल मान्य झाला! नर्सबाई म्हणाल्या, सुट्टीचा दिवस बघून बैठक ठेवा असं आजवर एकाही मेट्रनने म्हटलं नाही, म्हणून मामांसाठी त्यांनी आपला हट्ट सोडला. जुळ्यांनी दोन्ही हात वर केले, म्हणजे चार मतं धरायची का यावर वकीलबाईंनी दहा मिनिटं घेतली. मग त्यांच्या ऑफिसातल्या लांब टेबलाशी सगळ्या जमलो. इतकं हसलो की शेजारचा टायपिस्ट दार लावून घ्यायला आला आणि आतच बसला.

तुमची यादी मी वाचत होते. पहिल्याच पाळीला तुम्ही गोलरक्षक मागितलात तेव्हा सगळ्या गारच पडल्या. गोलरक्षक सगळे शेवटी घेतात. ते राखीव चौघे तुम्हाला सहज मिळाले आणि राखीव म्हणजे बदली खेळाडू, म्हणून तुमच्या लाल शाईप्रमाणे मी त्यांना बाकावर बसवलं. वकीलबाई म्हणाल्या, यात काहीतरी गनिमी कावा आहे.

कावा काही दिसला नाही, मामा. पहिल्या आठवड्यात बाकावरच्या चौघांनी एक्केचाळीस गुण मिळवले आणि बाकावरचे गुण धरत नाहीत. मैदानातल्या तुमच्या अकरांनी मिळून तेवीस. तुम्ही धाकट्या जुळीकडून हरलात. ती आजवर कुणाकडूनच जिंकली नव्हती. तुमचा कागद आता आमच्या ग्रुपवर फिरतो आहे.

भिंतीबद्दल विचारलंत. नाव मीच गाळलं. तिला फुटबॉलचं नाव काढून दुखवू नये असं वाटलं. तिच्याशी बोलायची वेळ आली की मी दुसरंच काम काढते.

राग नसावा, असला तर मामीकडे जमा करावा.

तुमची,
भिंगरी

२८ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

बाकावर? माझे चौघे बाकावर?

अगं, राखीव म्हणजे राखून ठेवलेले! गाडीत आसन राखीव असते, म्हणून आसनाला कुणी खाली उतरवून ठेवते का? ते चौघे मी भिंतीसाठी राखले होते. ती येईल तेव्हा तिला चांगला संघ हाती मिळावा, गोलरक्षक तर सगळ्यात चांगला, कारण तिला त्यातले कळते. तोवर त्यांनी मैदानातच असायचे होते. चौतीस वर्षे दुसऱ्यांच्या शब्दांचे अर्थ तपासले आणि माझ्याच शब्दाने मला तोंडघशी पाडले. मामी दोन दिवस स्वयंपाकघरात एकटीच हसते आहे.

आता थट्टा पुरे. तू तिला दुखवू नये म्हणून गप्प बसलीस असे लिहितेस. ते खरे आहे, पण सगळे नाही. तुला स्वतःलाही दुखवून घ्यायचे नव्हते. हे पत्र तुझ्या त्या ग्रुपवर खुशाल टाक, म्हणजे जगाला कळेल की तुझा मामा अडाणी नाही.

तुझा,
मामा

५ सप्टेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी भिंत.

काल व्यायामोपचाराला गेले, तिथे आमच्या नर्सबाई ड्यूटीवर होत्या; त्यांनी मला ग्रुपवरचा तुमचा लाल शाईचा कागद आणि पाठोपाठ तुमचं पत्र दाखवलं. मी गुडघा यंत्रात अडकवलेल्या अवस्थेत इतकी हसले की तिथल्या बाईंनी यंत्र बंद केलं. मग रडले, ते मात्र यंत्रामुळे नाही.

मामा, गुडघ्याचा मला राग नाही. चेंडू होता, दोघींना हवा होता, एवढंच. राग याचा आला की दीड वर्षात एकीनेही माझ्यासमोर फुटबॉल हा शब्द उच्चारला नाही. माझ्यासमोर सगळ्या हवापाण्याचं बोलतात. यंदाही लीगच्या यादीत नाव दिसलं नाही तेव्हा वाटलं, झालं, आपण संपलो. आणि मला कधी न पाहिलेला एक माणूस माझ्यासाठी चौघे धरून बसलाय, आणि त्यापायी धाकट्या जुळीकडून हरलाय!

एक मात्र सांगते. असल्या गोलरक्षकाला बाकावर बसलेला बघून माझ्याच्याने राहवत नाही. संघ माझ्या हवाली करा. तुम्ही सल्लागार राहा, पण स्पेलिंगवरून माणसं निवडायची नाहीत. येत्या शनिवारी सामना भिंगरीशी आहे. तिला मी आधी काही कळवणार नाही.

नवी माणसं म्हणून हात आखडू नका, भाचीच्या वाट्यातला थोडा लोभ इकडे वळवा.

तुमची,
भिंत

१५ सप्टेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुम्हाला सगळं ठाऊक होतं आणि तुम्ही मला चकार शब्द कळवला नाहीत! मामीसुद्धा सामील!

शनिवारी मी आपली तुमच्याशीच खेळतेय असं समजून निर्धास्त होते. सोमवारी टेबलावर कवळी घासत असताना दार उघडलं आणि काठी टेकत भिंत आत आली. मी उभी राहिले, बसले, पुन्हा उभी राहिले. दीड वर्ष जे बोलायचं घोकत होते त्यातलं एक वाक्य आठवेना. तिने आधी गुण सांगितले: ती सत्तावन्न, मी एकोणचाळीस. मग मी असे आघाडीचे खेळाडू का निवडले, मला डोळे आहेत का, कॉलेजातही मी अशीच आंधळी पळत होते, असं सगळ्या प्रयोगशाळेसमोर ऐकवलं. मग म्हणाली की धक्क्याबद्दल माफी मागायची असेल तर एकदाच माग, कारण तिला पुढच्या आठवड्याचा संघ लावायचाय.

मी एकदाच मागितली. ती हो म्हणाली आणि माझ्या खुर्चीत बसली. मी तिला मिठी मारली, पण हातमोजे काढायचं राहूनच गेलं, तिच्या काळ्या सदऱ्यावर माझ्या दोन्ही हातांचं प्लास्टर उमटलं.

मामा, मी अठरा गुणांनी हरले आणि इतकी खूश आहे की साहेबांनी विचारलं, पगार वाढला का. ती धुवायला नको म्हणत तसाच सदरा घालून घरी गेली. रविवारी आम्ही सहाही जणी तिच्याकडे जमतो आहोत, टीव्हीवर सामना बघायला, आणि फुटबॉलशिवाय दुसरं काही बोलायचं नाही असं तिने बजावलंय.

दोघांना साष्टांग नमस्कार. लोभ वाढता ठेवा, तो ठेवायला आता माझ्याकडे जागा आहे.

तुमची,
भिंगरी