जाड कागदाचं पत्र

प्रिय ईरा,

चौदा वर्षांनी माझं पत्र, तेही ब्रेलमध्ये, म्हणून तुझी बोटं थबकली असतील. पाटी-टोचणी घेऊन मीच टोचलंय. चुका असतील. सव्वीस वर्षांची घोडी, पहिलीतल्या पोरांच्या शेजारी बसून शिकतेय.

सेक्टर दहात सरलाताईंकडे आपण दोघी ब्रेल शिकायचो. तू पुस्तक संपवत आलीस तरी मी पहिल्याच धड्यावर. मग बाबांनी बोलणारा कॉम्प्युटर आणला आणि माझी शिकवणी बंद केली. ठिपक्यांचा जमाना गेला, असं ते कॉलनीभर सांगत फिरले. प्लांटमधले ऑफिसर, त्यांच्यापुढे कोण बोलणार? मलाही आयतंच हवं होतं. कान असताना बोटं कशाला झिजवायची? तू मात्र शिकलीस आणि नागपूरला मामांकडे राहून अंधशाळेत गेलीस.

आता गंमत ऐक. यंदा आमच्या ऑफिसात एक यंत्र आलं. मोबाइलला जोडलं की मजकुराचे ठिपके बोटांखाली उठतात. मीटिंगमध्ये कानात मोबाइल बडबडत असला की मला माणसांचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून खास माझ्यासाठी मागवलेलं. साहेबांनी ते सगळ्यांसमोर हातात दिलं आणि मला एक ओळ वाचता आली नाही. एम.ए. झालेली अक्षरशत्रू! घरी येऊन बाबांवर इतकी ओरडले की ते जेवले नाहीत. मला जराही वाईट वाटलं नाही.

म्हणून शिकायला लागले. आणि काल आईकडून तुझं ते पत्र मागून घेतलं, नागपूरहून पाठवलेलं, जाड कागदाचं. तेव्हा आमच्या घरात ते कुणालाच वाचता आलं नव्हतं, कॉम्प्युटरलाही नाही. तू फोनवर विचारलंस, मिळालं का, वाचलंस का. शिकवणी सुटल्याचं मी तुला सांगितलंच नव्हतं. लाज वाटायची. मी म्हटलं, वाचलं ना, मस्त लिहिलंस. तू फोन ठेवलास. पुन्हा कधी फोन केला नाहीस. नागपूरला गेली आणि शिष्ट झाली, असं मीच सगळ्यांना सांगत राहिले.

काल ते वाचायला दोन तास लागले. "मामी मारते. उपाशी ठेवते. फोनवर बोलताना जवळच बसून राहते. माझ्या आईले सांग, मले घेऊन जा."

आज सकाळी मरोद्याला तुमच्या घरी जाऊन तुझ्या आईला, वंदनाकाकूंना, वाचून दाखवलं. ईरा घरी का येत नाही, हे त्या इतकी वर्षं ज्याला-त्याला विचारत होत्या. ऐकून म्हणाल्या, "तवाच कावून नाही सांगितलं वं?" तुझा पत्ता त्यांनीच दिला.

माफी मागत नाही. पण आपलं पत्र वाचूनही मैत्रीण मस्त म्हणाली, निरोप मिळूनही आई न्यायला आली नाही, असं तू बारा वर्षांची असल्यापासून धरून बसली असशील. मी ते वाचलं नव्हतं. मला वाचताच येत नव्हतं, ईरा. एवढंच कळवायला लिहिलं.

'तुझीच' लिहायचा हक्क गेला, म्हणून नुसती
प्रांजली