कोर्स करतेय

हॅरो, लंडन. शनिवार संध्याकाळ

एक बूट पायात, दुसरा हातात, तेवढ्यात सुनंदाकाकूंनी हळदीकुंकवाचं वाण पुढे केलं. "सध्या काय करतेस गं?"

"कोर्स करतेय."

"छान. हौस पाहिजे."

खोटं नाही. अकाउंट्सचा पार्ट-टाइम कोर्स आहेच. पण नोकरी गेली, सरकारी बेनिफिटवर आहे, हे तिथे एकीलाही सांगितलं नाही. का?

गुरुवारी जॉब सेंटरमधली बाई म्हणाली होती की ओळखीच्यांना विचारणंही कामाच्या शोधात धरतात. "तुमच्या लोकांत कुणाला विचारलंत?" विचारेन, म्हटलं. लवकर पार्ट-टाइम काही मिळालं नाही, तर मिळेल ती पूर्णवेळ नोकरी घ्यावी लागेल. म्हणजे कोर्स सुटणार. नोकरी नाकारली तर बेनिफिटचे पैसे थांबणार.

आज काकूंकडे आलेल्या निम्म्या बायका डॉक्टर. कुणाच्या ना कुणाच्या क्लिनिकला रिसेप्शनवर माणूस लागत असणार. मी तिळगूळ घेतला आणि साड्यांबद्दल बोलले.

अनोळखी कंपन्यांना रोज अर्ज पाठवते, तेव्हा काही वाटत नाही. त्या मला ओळखत नाहीत म्हणून? कोर्स करतेय. किती सहज निघतं तोंडातून. काकूंना कळलं तर काय होईल? बहुधा काहीच नाही. थोडी कीव करतील. ती नकोय, एवढंच.

रविवार सकाळ

काकूंना फोन केला. नोकरी गेल्याचं सांगितलं आणि कुणाच्या क्लिनिकमध्ये काम आहे का, विचारलं. त्या म्हणाल्या, "थांब, पेन आणते."