सोसायटीची भट्टी

माय,

आज सकाळी माझ्या दारात पिकप येऊन थांबली आणि चार पोरांनी तिच्यातून एक भट्टी खाली उतरवली. धाराशिवचं हे घर तू पाहिलेलं नाहीस. माझ्या नातीची हळद परवा आहे. लग्न हॉलवर, पण हळद आणि त्या दिवशीचं जेवण घरासमोरच्या मोकळ्या जागेत करायचं ठरलंय. भट्टी गॅसची आहे, तीन तोंडांची, दिसायला चकचकीत आणि उचलायला जड. पोरं एकमेकांना पाय सांभाळायला सांगत होती आणि मी व्हरांड्यात खुर्ची टाकून बघत बसले होते. सून दोनदा येऊन म्हणाली, आई, आत बसा, ऊन लागेल. मी हलले नाही. दारात भट्टी उतरत असली की माझी नजर तिथून निघत नाही, आणि हे तुझ्यामुळं झालंय.

तुझा संशयी स्वभाव सगळ्या गल्लीला माहीत होता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. तू पाणीसुद्धा फुंकून प्यायचीस, आणि तुला कुठल्या दुधानं पोळलं होतं ते कधी सांगितलं नाहीस. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचीस तेव्हा तिथं सुकडी, सरकारी कोरडा खाऊ, वाटायचे. बाकीच्या बाया तिथंच खायच्या. तू ती पदरात बांधून घरी आणायचीस, आधी चिमूटभर कोंबडीला घालायचीस, कोंबडी संध्याकाळपर्यंत धड राहिली की मग आमच्या ताटात. तुझं एक वाक्य होतं, "हसत आल्याला आधी पानी द्यावं आन मग इचारावं, कशापायी आलास." पाणी द्यायचं ते वर्ष नव्हतं तरी हे वाक्य तू सोडलं नाहीस. मला तेव्हा तुझी लाज वाटायची. माझ्या मैत्रिणींच्या आया मैत्रिणींना खाऊ द्यायच्या, तू त्यांना त्यांच्या बापाचं नाव विचारायचीस.

बाप मात्र, आमचे अण्णा, याच्या अगदी उलटे. गावच्या शेतकी सोसायटीच्या गोदामावर ते राखणदार होते, आणि त्यांना 'नाही' हा शब्द बोलता येत नव्हता. कुणी बैल मागितला, व्हय. कुणी फुकट राबायला बोलावलं, व्हय. चेअरमननं काही म्हटलं तर प्रश्नच नव्हता. त्यांच्या साऱ्या आयुष्यातले 'नाही' तुझ्याच वाट्याला आले होते. लोक तुला खवट म्हणायचे आणि अण्णांना देवमाणूस. हे वाटप तुम्ही दोघांनी कधी ठरवून केलं होतं का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. आता रोज पडतो.

दुष्काळाच्या त्या वर्षीचा माघ. दोन पावसाळे कोरडे गेलेले, ओढ्याची वाळूसुद्धा उकरून झालेली. टँकर येईल त्या दिवशी पाणी, नाहीतर शेवाळलेल्या आडाच्या तळाशी घागर खरवडायची. मी मॅट्रिकला होते, परीक्षा पुढच्या महिन्यात. मी ओसरीवर इतिहासाचं पुस्तक घेऊन बसलेय आणि गल्लीच्या तोंडाशी सोसायटीची पिकप वळतेय. खताची पोती वाहणारी ती उघडी गाडी आमच्या गल्लीत कधी येत नसे. मागं अण्णा उभे, दोन हमाल उभे, आणि मधोमध गोणपाटाखाली काहीतरी घुमटासारखं. गोणपाट असलं तरी ते काय आहे हे ओळखायला कुणाला वेळ लागला नाही.

सोसायटीची भट्टी सगळ्या गावाच्या ओळखीची होती. जाड पत्र्याची, तीन पायांची, कमरेइतकी उंच, वर लोखंडी कडं आणि पोटाला लाकडं सारायचं तोंड. वार्षिक सभेच्या जेवणाला वापरायचे आणि एरवी सभासदांना कार्यासाठी द्यायचे. त्यामुळं गावात रीतच पडली होती, भट्टी ज्याच्या दारात उतरली त्याच्या घरी एकतर लग्न, नाहीतर तेरावा. आमची आजी जाऊन वर्ष झालं होतं आणि त्यानंतर घरात कुणी गेलं नव्हतं. म्हणजे लग्न. आणि लग्नाच्या वयाचं घरात एकच माणूस होतं, ते ओसरीवर इतिहास वाचत होतं.

भट्टी उतरवायला बराच वेळ लागला. गाडीचा मागचा फळका पाडला, त्याला दोन फळ्या तिरप्या लावल्या, खाली जुनं टायर ठेवलं. हमाल वरून दोर धरून आणि अण्णा खालून छाती लावून. एकदा ती घसरली आणि आपल्या भिंतीचा पोपडा काढून गेली. अण्णांनी मनगट खरचटून घेतलं. सगळी गल्ली दारात आली होती. ड्रायव्हर तुझ्याकडं बघून हसला आणि म्हणाला, वैनी, आता तोंड गोड करायला पायजे. तू त्याला पाणी दिलं नाहीस, काही विचारलंही नाहीस. तू अण्णांकडं बघत होतीस. अण्णा तुझ्याकडं बघत नव्हते. त्यांनी दोर गुंडाळला, गोणपाट भट्टीवर नीट पसरलं आणि मान खाली घालून म्हणाले, "आनून टाकली हाय. आता तुझी तू बघ." एवढं बोलून ते पिकपमध्ये चढले आणि गोदामाकडं निघून गेले.

मला वाटलं, तयारीचं बघ म्हणतायत. डाळ, तेल, पत्रावळ्या. तेव्हापासून मी तुमच्या दोघांच्या प्रत्येक हालचालीवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायला लागले. सगळ्या विहिरी आटल्या होत्या आणि आमच्या घरात तेवढं पाणी मुरत होतं. खरं काय ते संध्याकाळी शेजारच्या काकूनं भिंतीवरून सांगितलं. नवरा म्हणजे चेअरमनचा मेव्हणा, येरमाळ्याकडचा. पहिली बायको बाळंतपणात गेलेली, मूल चार वर्षांचं. वय जरा जास्त, पण काकू म्हणाली, विहिरीला पानी हाय बघ, बारमाही. त्या साली मुलाची शेती, शिक्षण, काही विचारत नव्हते. पाणी आहे म्हटलं की बाप गप्प व्हायचे. चेअरमनीणबाई चार सवाष्णी घेऊन उद्या दुपारी भट्टीला हळदकुंकू लावायला येणार होत्या. एकदा भट्टी पुजली की कार्य मोडता येत नाही.

तू हे सगळं ऐकून घेतलंस आणि भाकरी थापत राहिलीस. मी तुला विचारलं, खरं का? तू म्हणालीस, तुझी परीक्षा कवा हाय? मी रडले. तू एवढंच म्हणालीस की धुरानं डोळं चुरचुरत असतील तर बाहेर बस. तेव्हा मला खात्री पटली की तूही त्यात आहेस. जगातल्या प्रत्येक माणसावर संशय घेणारी बाई, आणि नेमकी मला विकताना हिला संशय येत नाही, असं मनात आलं. माय, तुझ्याबद्दल इतकं वाईट मी पुन्हा कधी मनात आणलं नाही.

दुसऱ्या दिवशी तू खडीच्या कामावर गेली नाहीस. न्याहारी झाल्यावर भट्टीवरचं गोणपाट काढलंस, पोटात तुराट्या आणि बाभळीचा ओंडका सारलास आणि पेटवलीस. वर आपलं मोठं पातेलं चढवलंस. मग तू रांजणाकडं गेलीस आणि त्यातलं पाणी घागरीनं काढून पातेल्यात ओतायला लागलीस. टँकर आदल्या दिवशी येऊन गेला होता, रांजण भरलेला होता, आणि तू तो तळापर्यंत आणलास. गल्लीतल्या बाया हातातली कामं टाकून आल्या. त्या साली कुणी एवढं पाणी एका जागी ओततंय हे बघायलाच माणसं जमली असती. पाण्याला आधण आलं तसा तू धुण्याचा सोडा टाकलास, घरात गेलीस, ठिगळाठिगळांची पांघरायची वाकळ घेऊन आलीस आणि ती त्यात बुडवलीस. लाकडानं दाबत राहिलीस. काळं पाणी वर आलं, सोड्याचा वास गल्लीभर झाला.

काकूनं विचारलं, काय गं हे? तू मान वर न करता, पण शेवटच्या घरापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणालीस, "सासूची वाकळ हाय. जाताना अंगाखाली व्हती ती. लई दिस तशीच पडली व्हती, म्हनलं भट्टी आलीच हाय तर उकळून घ्यावी."

काकूचा हात तोंडावर गेला. मेलेल्या माणसाचं अंथरूण, आणि लग्नाच्या भट्टीवर. तिच्या तोंडून कसंबसं निघालं की अगं, कार्याची भट्टी ती. तू लाकूड थांबवलंस. "व्हय का? मला घरातल्या कुणी सांगितलं न्हाय, काकू, कार्य हाय म्हून."

चेअरमनीणबाई आल्याच नाहीत. त्या निघायच्या आधी बातमी त्यांच्या दारात पोचली होती. येरमाळ्याला निरोप गेला आणि तिकडून उत्तर आलं. ज्या घरात एक बायको आधीच गेली त्या घरची सासू मेलेल्याच्या वाकळीचं पाणी पडलेल्या चुलीवरचं अन्न पंगतीला वाढू देईल का? त्यांनी देवीचा, येडाईचा कौल नाही असं कळवलं. कुणी कुणाला शिवी दिली नाही, कुणाचा शब्द मोडला नाही. अण्णांनी 'नाही' म्हटलंच नव्हतं. चेअरमन काही महिने अण्णांच्या नमस्काराला मान हलवत नव्हता, पुढं पाऊस झाला आणि तो विसरला. भट्टी मात्र सोसायटीनं परत मागितली नाही. ती आपल्या घरामागच्या परड्यात पडून राहिली आणि तिच्या पोटात कोंबड्या अंडी घालायला लागल्या. मी मॅट्रिक झाले, उस्मानाबादला जाऊन मास्तरीण झाले, आणि पुढं माझं लग्न मला विचारून झालं.

आता जे मी तुझ्याशी कधी बोलले नाही ते. आजीची वाकळ ती नव्हतीच. आजी गेली त्या दिवशी तिचं अंथरूण ओढ्याच्या काठी टाकून यायला तुझ्याबरोबर मी गेले होते, एक टोक तू धरलं होतंस, एक मी. पातेल्यातून लाकडानं तू ती वर उचललीस तेव्हा मला हिरवं ठिगळ दिसलं. मी पाचवीत असतानाच्या परकराचं. तू माझीच वाकळ उकळत होतीस. मी पुस्तक तोंडासमोर धरलं. साऱ्या गल्लीला बनवताना तू एका माणसाकडंही बघितलं नाहीस, माझ्याकडं तर नाहीच.

हे कळणारी मी एकटी आहे असं मला बरेच दिवस वाटत होतं. पण वाकळ उकळली त्याच्या दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ मला आठवते. वाकळ भिंतीवर वाळत पडलीय, माघाची थंडी उतरलीय. अण्णा गोदामावरून आले, हातपाय पुसले, भाकरी खाल्ली. सगळ्या गावानं त्यांना दिवसभरात काय काय ऐकवलं असेल. उठून भिंतीकडं गेले, वाकळ ओढली, हिरव्या ठिगळावरून अंगठा फिरवला आणि ती अंगावर घेऊन बाजेवर आडवे झाले. मेलेल्याची वाकळ कुणी पांघरतं का, माय? तू चुलीपाशी होतीस. तू त्यांना अडवलं नाहीस. उलट उठून त्यांच्या पायांवरून ती नीट ओढलीस.

तेव्हापासून एक संशय माझ्या मनात बसलाय. अण्णांना नुसता शब्द पाळायचा असता तर भट्टी कार्याच्या आदल्या दिवशीही आणता आली असती. सगळी गल्ली जागी असताना, भर दिवसा, तुझ्या डोळ्यांसमोर आणून का टाकली? आणि 'तुझी तू बघ' म्हणजे काय? त्यांना माहीत होतं ना, की तू बघशील? की मीच आता तुम्हा दोघांना चांगलं ठरवायला निघालेय? बोलता आलं असतं तर मी तुला हेच विचारलं असतं. आणि तू म्हणाली असतीस, तुझी परीक्षा कवा हाय.

नात बघ आत्ता फोनवर हसतेय. मुलगा तिनंच निवडलाय, पुण्यात दोघं एकाच कचेरीत आहेत. भट्टी उतरून झाल्यावर मी तिला खोलीत नेलं, दार लावलं आणि विचारलं, तुझ्या मनानं चाललंय ना सगळं? ती म्हणाली, हो गं आजी, किती वेळा विचारशील. हसत म्हणाली. फार पटकन म्हणाली.

वाकळ अजून माझ्या ट्रंकेत आहे, ठिगळाचा हिरवा रंग गेलाय. कालच काढून झटकून ठेवली. आणि एक सांगते, घरात कुणाला माहीत नाही. काल किराणा आणायला गेले तेव्हा धुण्याच्या सोड्याचं एक पाकीट घेतलं, ते पिठाच्या डब्यामागं ठेवलंय. भट्टी गॅसची असली तरी पाणी उकळेलच की.