परांचीखालची वाट

मंगळवार, १२ मार्च १९५७
वारलू वाचला. चामोर्शीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आज दुपारी स्वतः सांगितलं. डोक्याला नऊ टाके. उजव्या कानाने आता ऐकू येणार नाही.

पुलाच्या खांबाभोवती परांची बांधली आहे. वीस फुटांवर फळीच्या कडेला कुणीतरी छिन्नी ठेवली, कुणाचा तरी पाय लागला. वारलू खाली दगडाला दोर बांधत होता. ठेकेदार गुणवंतराव म्हणाले, "नशीब त्याचं." सरकारी ओव्हरसियर मी. त्याला तिथे उभं राहू दिलं मी. नशिबाचं नाव घ्यायची सोय मला नाही.

१४ मार्च
झिंगू बुरडाकडून बांबूची टोपली विणून घेतली – उलटी डोक्यावर घालायची, आत तणस म्हणजे भाताचा पेंढा, हनुवटीखाली दोरी. कोहळ्यावर ठेवून दहा फुटांवरून हातोडा सोडला. कोहळं फुटलं. तणस दुप्पट केलं. दुसरं कोहळं शाबूत! झिंगू म्हणाला, "फुटलेलं मी घरी नेतो जी, भाजी होते."

गुणवंतराव हसत होते. "साऱ्यायले नवरदेव बनवून राह्यले का, साहेब? बाशिंग बी बांधा!"

हसू देत. बावीस टोपल्या सांगितल्या.

२० मार्च
काल टोपल्या वाटल्या. आज एकही डोक्यावर घालण्याजोगी नाही! तणस उपसून टाकलेलं, आत चिकट रस, मुंग्या. मोहाची फुलं पडायला लागलीत. पहाटे सगळे रानात, आणि हातात माझी नवीकोरी टोपली.

लच्छू गवंड्यावर ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, डोकं त रोजच आहे. मोहा पंधरा दिवस."

चिडायचं होतं. हसलो.

२१ मार्च
चूक माझी. मोहाचे दिवस मला ठाऊक नव्हते असं नाही. झिंगूला मोहासाठी साध्या टोपल्या वेगळ्या विणायला सांगितल्या, डोक्याच्या धुऊन त्यांत नवं तणस भरायला. मोह सरेपर्यंत काम एक तास उशिरा सुरू, संध्याकाळी एक तास जास्त.

गुणवंतराव – "पावसाच्या आधी पूल पाह्यजे म्हणता, अन् मोह येचाले सुट्टी देता!"
म्हटलं, तास तेवढेच आहेत. मोजून घ्या.

२५ मार्च
बावीसच्या बावीस डोकी झाकलेली. समाधानाने बघत होतो. तेवढ्यात घमेलं वाहणारी सुकरी समोर येऊन उभी राहिली.

"आमचं का जी, साहेब?"
"तूही टोपली घाल."
"टोपली घालू का घमेलं घेऊ? डोकं एकच आहे!"

मागे बायका खो-खो हसल्या. अकरा बायका दिवसभर परांचीखालून ये-जा करतात. मी फक्त गडी मोजले होते.

२७ मार्च
बायकांच्या वाटेवर बांबूच्या ताट्यांचं छत घातलं. दोन ताट्या, मध्ये तणस. वर मोठा दगड चढत असेल तेव्हा ती वाटही बंद, खांबाला वळसा घालून जायचं. साठ पावलं जास्त. गुणवंतराव दिवसभर पावलं मोजत बसले. मोजोत. छत राहणार.

३ एप्रिल
दोन मुठींएवढा दगड वरून निसटला. छतात रुतून बसला. खालून सुकरी चालली होती. तिने वर पाहिलं, घमेलं सावरलं, पुढे गेली.

शनिवार, ६ एप्रिल
बदलीचा हुकूम आला. तक्रार कुणाची ते विचारलं नाही. सोमवारी नवा ओव्हरसियर. छत उतरवायला गुणवंतरावांनी सोमवारचीच माणसं सांगितली आहेत.

सुकरीने त्यांना तोंडावर सांगितलं – "उतरवा ना जी. मंग घमेली बी तुमीच उचला." बाकीच्या दहाजणी तिच्यामागे उभ्या. कुणी हसलं नाही.

सोमवारी चार्ज देईपर्यंत मी तिथे असेन. त्याही येणार आहेत – रिकाम्या हातांनी.