पुस्तकांना दिलेलं ऊन

पांढुर्णा,
रविवार, १८ जानेवारी

प्रिय मनोहर,

तुझे चार फोन आले आणि मी चारही उचलले नाहीत. पाचवा वंदनाने उचलला आणि मी पूजेत आहे असं तुला सांगितलं. दुपारी तीन वाजता मी कोणती पूजा करतो, हे तू विचारलं नाहीस. पंचेचाळीस वर्षांच्या मैत्रीचा एवढा तरी फायदा असावा. खरी गोष्ट अशी, की तुझ्या आठवणींचं टाइप केलेलं बाड तीन आठवडे माझ्या टेबलावर आहे, महिनाअखेर ते नागपूरच्या छापखान्यात जायचं आहे, आणि त्याआधी तुला माझं मत हवं आहे. मत तयार आहे. त्यातलं एका पानाबद्दलचं मात्र फोनवर बोलण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो. पण शिरस्ता तो शिरस्ता. आधी सोबतच्या दोन पुस्तकांचा समाचार घेतो.

पोच देतो. तिन्ही नग संत्र्याच्या पिशवीतून, सकाळच्या सौंसर बसच्या कंडक्टरकडून सुखरूप मिळाले. त्याला आता काही विचारावं लागत नाही. स्टँडवर मी दिसलो की तो दारातूनच ओरडतो, “ओ सर, तुमची दवाई आली!” इतक्या नेमाने माणूस फक्त औषधच मागवतो, अशी त्याची समजूत आहे, आणि ती मी दुरुस्त केलेली नाही. खरं तर पांढुर्णा आता जिल्ह्याचं ठिकाण झालं आणि सौंसर आमची तहसील. तेव्हा यापुढे तू रीतसर अर्ज जोडूनच पुस्तकं पाठवायला हवीस. जुने संबंध ध्यानात घेऊन तूर्त सवलत देतो.

ती धरणाकाठची कादंबरी वाचली. समासात तुझी निळी पेन्सिल जागोजाग गहिवरलेली दिसली. “वा!” अकरा ठिकाणी, “रडवलं लेकानं” तीन ठिकाणी. मला विचारशील तर त्या लेखकाला उपमेचं व्यसन आहे. नायिका चुलीपुढे बसली तरी तिच्यावर चार उपमा येऊन बसतात, मग ती बिचारी फुंकर कशी मारणार? शिवाय ती दोनशे बाराव्या पानावर मरते आणि पुढे तीन वेळा स्वप्नात येऊन बोलते. जिवंतपणी एवढी बोलली असती तर कादंबरी दोनशे बारालाच आटोपली असती. पण ते नावेचं प्रकरण, ज्यात म्हातारा नावाडी शेवटच्या फेरीला कोणालाच बसवून घेत नाही आणि रिकामी नाव पलीकडे नेऊन लावतो, ते मी दोनदा वाचलं. तिथे तुझ्या “वा!”खाली माझी साधी पेन्सिल “मान्य” एवढंच म्हणते. माझ्याकडून यापेक्षा अधिक मिळत नाही, हे तुला ठाऊक आहे.

इंजिनिअरसाहेबांच्या आत्मचरित्राबद्दल मात्र आपलं एकमत. तीस वर्षं पूल बांधले, एकाला तडा गेला नाही. वरिष्ठ सगळे देवमाणसं, मित्र सगळे हिरे, पत्नी तर साक्षात क्षमा. असं निष्कलंक आयुष्य गेलं असेल तर ते लिहून लोकांना त्रास का द्यायचा? शेवटच्या पानावर तू निळ्या पेन्सिलीने लिहिलंस, “यानं मित्रांची लय काळजी घेतली. पुस्तकाची नाही घेतली.” मनोहर, हे वाक्य मला इतकं आवडलं, की स्टाफरूममध्ये मी ते स्वतःचं म्हणून खपवलं. टाळी मिळाली. ती तुझी. पण हे वाक्य लक्षात ठेव, मला ते पुन्हा लागणार आहे.

आता तुझं बाड. प्रणालीने टाइप सुरेख केलं आहे. पोरीचं शुद्धलेखन बापापेक्षा बरं. मी एकंदर सदतीस शेरे मारले आहेत, त्यांतले वीस तुझ्या ‘आणि’बद्दल आहेत. तू वाक्यं मालगाडीच्या डब्यांसारखी एकमेकांना जोडत सुटतोस. पण उपमा नाहीत, कोणावर उपकार केल्याचा आव नाही, आणि पहिल्या नोकरीचं प्रकरण तर मी वंदनाला मोठ्याने वाचून दाखवलं. व्हॉल्व्हची चावी तुझ्या हातात, अख्खा मोहल्ला तुला सलाम ठोकतो, आणि पक्षपाताचा ठपका नको म्हणून तू स्वतःच्याच गल्लीला सगळ्यांत शेवटी पाणी सोडतोस. यमुनावहिनी पाण्याचा गुंड घेऊन नळापाशी बसलेल्या, आणि शेजारीण विचारते, “काहो बाई, साहेब घरी रुसले का?” वंदना हसता हसता डोळे पुसायला लागली आणि म्हणाली, “हे तुमचे दोस्त एवढं चांगलं लिहून राहिले, अन् तुम्ही काय खोडून राहिले त्यात?” मी सांगितलं, खोडत नाही, भाष्य करतो. तिला दोन्हीत फरक दिसला नाही. आईचं प्रकरण वाचून मी उठून अंगणात गेलो आणि कुंड्यांना पाणी घातलं. कुंड्यांना सकाळीच घातलं होतं. यावरून काय ते समज.

राहिलं पान चौसष्ट. तिथे माझी पेन्सिल तीन आठवडे अडली. तू लिहिलं आहेस: “मुकुंदाच्या घरी पुस्तकाला माणसासारखं जपत. वाचून आलेलं पुस्तक दिवसभर उन्हात ठेवत, मग कपाटात. पुस्तकाची निगा मी त्या घरात शिकलो.” मनोहर, त्या घरात उन्हात जात होती ती फक्त तुझी पुस्तकं. माझा मावसभाऊ ऋषिकेश पुस्तकं न्यायचा, चहाचे डाग पाडून आणायचा, आणि ती थेट कपाटात जायची. तू सावरगावहून पूल ओलांडून, खाकी कागदाचं कव्हर घालून आणलेलं पुस्तक मात्र मागच्या भिंतीवर जायचं. नलिनीआत्याचा तसा नियम होता. तुमच्या वस्तीतून आलेली वस्तू पाणी शिंपडून, ऊन दाखवून मगच घरात घ्यायची. आणि तुला द्यायचं पुस्तक हातात नाही, पायरीवर ठेवायचं. शिंपडायचं आणि ठेवायचं, दोन्ही कामं माझी. मी ती चोख केली. एकदा पुस्तकात राहिलेली चिठ्ठी घ्यायला तू परत आलास आणि तुला ते भिंतीवर दिसलं. पानं उडू नयेत म्हणून वर गोटा ठेवलेला, गोटमारीच्या जत्रेत दोन्ही काठांनी एकमेकांवर फेकलेल्यांपैकी, दुसऱ्या दिवशी तूच नदीतून मला आणून दिलेला. तू विचारलंस, “हे का करून राहिला बे?” मी म्हणालो, “कसर लागते ना. ऊन देऊन राहिलो.” हे खोटं मला आत्याने शिकवलं नव्हतं. अकराव्या वर्षीचं ते माझं स्वतंत्र लेखन. तू मान डोलावलीस आणि म्हणालास, “मी बी तसंच करीन.”

आणि केलंस. तुझ्याकडे आलो की गच्चीवरच्या खाटेवर पुस्तकं पसरलेली असतात, आणि यमुनावहिनी मला ऐकवतात, “तुमच्या घरचं वळण आहे हे, भाऊजी! आमच्या इथं पापडाले ऊन भेटत नाही, पुस्तकाले भेटते.” दर वेळी मी हसलो आणि दुसरी भाकर घेतली. तुला खरं कारण तेव्हाच कळलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. कळलं असेल, तर इतकी वर्षं तू मला सांभाळून घेतलंस आणि आता छापूनही घेतो आहेस. कळलं नसेल, तर माझं खोटं तू शिस्त म्हणून पाळलंस. मी दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. दोन्हींत मीच हरतो.

म्हणून काल पेन्सिलीला टोक केलं आणि चौसष्टच्या समासात तुझंच वाक्य तुला परत केलं: “यानं मित्राची लय काळजी घेतली. पुस्तकाची नाही घेतली.” ते पान बदल. वर लिहिलं आहे ते सगळं घाल, आत्याचं, पायरीचं, आणि ‘कसर’ हा शब्द कोणाचा होता तेही. माझं नाव बदलायचं नाही, ‘एक मित्र’ असली पळवाट काढायची नाही. बाकी छत्तीस शेरे तू फेटाळलेस तरी चालेल, हा एक मान. हे सांगायचं होतं म्हणून फोन उचलवत नव्हता. आता लिहून झाल्यावर भूक लागली आहे, हे चांगलं लक्षण. वंदनाने पत्र वाचलं आणि पुढच्या रविवारी वहिनींसाठी काय न्यायचं ते विचारलं. तेव्हा पत्र उद्या कंडक्टरकडे देतो, बाड देत नाही. शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला जाणाऱ्या गर्दीत उभं राहायला जागा नसते, म्हणून रविवारच्या सकाळच्या बसने आम्ही दोघं येतो. मी पायऱ्या चढून गच्चीवर येईन आणि तुझं पुस्तक तुझ्या हातात देईन. मग त्याला ऊन दाखवायचं की नाही, ते तू ठरव.

सदतीस शेऱ्यांसह तुझाच,
मुकुंद