ब्राह्मीच्या बंडीतलं यंत्र

नांद्रे, जि. सांगली

भरतेशराव यांस मदनचा जय जिनेंद्र आणि घरच्या सगळ्यांना आठवण.

इकडे आम्ही धडधाकट आहोत. तुमच्या गुडघ्याचं काय झालं ते कळवा. (कोरेगावच्या डॉक्टरांची गोळी बंद केली असेल तर पुन्हा सुरू करा. तुमची बहीण गुणमाला म्हणते, नक्की बंद केली असणार.) आल्याची लागण उरकली असेल असं धरून चालतो. पत्र बघून तुम्ही दचकला असाल, कारण आपला व्यवहार फोनवरचा. पण महिनाभरात आमच्या घरात असं काही झालं की मला तोंड उघडायचीच धास्ती बसली आहे. म्हणून लिहितोय.

झालं असं की अंगणवाडीच्या बाईंबरोबर शरयू नावाची एक मुलगी आली. वाईची, पुण्यात कुठल्याशा संस्थेत संशोधन करते. तीन वर्षांच्या आतल्या पोरांशी घरात कोण किती बोलतं, याचा अभ्यास चाललाय म्हणे, आणि त्यावरून अंगणवाड्यांचं धोरण कसं असावं हे ती मंडळी सरकारला सुचवणार आहेत. आमची नात ब्राह्मी पावणेदोन वर्षांची, म्हणून आमचं घर निवडलं. काडेपेटीएवढं यंत्र, ते बंडीच्या खिशात, बंडी पोरीच्या अंगात. तीन दिवस, सकाळपासून झोपेपर्यंत. सूनबाईंनी, म्हणजे श्रद्धानं, सगळे कागद वाचून सही केली. मी कागद वाचले नाहीत. चाळीस वर्षं सौद्यात बोली पुकारून बेदाणा विकलेला माणूस मी, मला वाटलं ही बोलण्याची स्पर्धा आहे आणि पहिला नंबर माझा ठरलेला आहे.

पहिल्या दिवशी घर असं गप्प की कुणी मुलगी बघायला आलंय असं वाटावं. मी मात्र कंबर कसली. पोरीपुढे खुर्ची टाकून बसलो आणि शुद्ध भाषेत विचारलं, "ब्राह्मी, आपण दुग्धप्राशन केलेत का?" ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली, मग भोकाड पसरून आजीकडे पळाली. दुपारी ती भातुकली मांडून बसली तेव्हा मी सोसायटीचा वार्षिक अहवाल पहिल्या पानापासून वाचून दाखवला. (लेखापरीक्षकांच्या शेऱ्यापर्यंत पोचलो होतो, तिथं ती झोपली.) शब्द किती झाले असतील याचा मी मनातल्या मनात अंदाज बांधत होतो, आणि खूश होतो.

दुसऱ्या दिवशी घोटाळा झाला. येणाऱ्याजाणाऱ्याला कल्पना असावी म्हणून शरयूनं दारावर "या घरात ध्वनिमुद्रण चालू आहे" असा कागद लावला होता. शेजारच्या हंबीररावांनी तो वाचला आणि चौकशी केली. मी सांगितलं, सरकारसाठी चाललंय. तिथंच चुकलो. हंबीरराव तडक आत आले, ब्राह्मीसमोर उकिडवे बसले आणि तिच्या छातीजवळ तोंड नेऊन म्हणाले, "सायेब, आमच्या गल्लीची गटार चार सालं झाली उघडी हाय. पोरं पडत्यात. आमी लय अर्ज दिलं." पोरीनं त्यांच्या मिशीला हात घातला, तरी यांचं निवेदन चालूच. तासाभरात पाच-सहा जण अंगणात. भामाबाई नातवाला काखेत घेऊन आली. अंगणवाडीचं पत्र्याचं छत गळतं, पोरांना भिंतीकडेला सरकून बसावं लागतं, हे तिनं ब्राह्मीला दोनदा सांगितलं. ऐकू गेलं नसेल म्हणून. ब्राह्मीनं तिला आपलं अर्धं बिस्कीट दिलं. भामाबाई मला म्हणाली, "आण्णा, आजवर सांगून कुणी यवढं बी दिलं न्हाई." संध्याकाळी श्रद्धा कामावरून आली, तिनं सगळ्यांना हात जोडून बाहेर काढलं, आणि नंतर माझ्याकडे जे बघितलं ते यंत्रात आलं नाही एवढंच माझं नशीब.

पंधरा दिवसांनी शरयू निकाल घेऊन आली. मी धुतलेला सदरा घातला होता. ती म्हणाली, नुसते शब्द मोजत नाहीत. पोर काहीतरी म्हणतं, मोठं माणूस उत्तर देतं, पोर पुन्हा म्हणतं, ती देवाणघेवाण मोजतात. देवाणघेवाण म्हटल्यावर मला कळलं, माझ्या धंद्यातलाच शब्द. मग तिनं आकडा सांगितला. अहवालवाचन आणि गावाची गाऱ्हाणी वगळून, तीन दिवसांत माझी आणि माझ्या नातीची देवाणघेवाण चार वेळा. बाकी मी तिला जे बोललो त्यात निम्म्याहून जास्त वेळा "हात लावू नको". भरतेशराव, मी शरयूला कागद उलटा धरलाय का ते बघायला सांगितलं.

खरा धक्का पुढंच होता. गुणमालेचा आकडा तिनं वाचला. दिवसाला सहाशेच्या वर. मी म्हणालो, हे दुसऱ्या घरचं आलंय. आमची ही बोलतच नाही. एकेचाळीस वर्षं मी हे चारचौघांत कौतुकानं सांगत आलोय, तुमच्या आईंसमोरसुद्धा सांगितलंय. शरयू म्हणाली, शंभर घरांत एवढा आकडा फक्त दोघींचा आहे. मग तिनं गुणमालेला विचारलं, थोडं वाचून दाखवू का? ही म्हणाली, "वाच की. त्यात काय हाय."

तांदूळ निवडतानाचं होतं. "ह्यो काय गं?" "खला." "खडा. कुठं टाकायचा?" "तित." "तितं कोंबडी खाईल की." "कोंबली मम?" असं पानभर. आणि मग, त्याच सुरात, "माझा भाऊ कोरेगावच्या हायस्कुलात जायचा. मी सातवीत पैली आलीवती, पर गावात शाळा तेवडीच. एसटीपातूर मी त्येचं दप्तर न्यायची. ऊन असलं की डोक्यावर घ्यायची. गाडी आली की त्येला द्यायचं आन् माघारी यायचं." "गाली भुर्र?" "व्हय, गाडी भुर्र." खाली अजून एक ओळ होती. "तुजं आजोबा मानूस चांगलं हायती. बोलाया तेवडं कळत न्हाई. तू शिकीव त्यास्नी."

मी हिच्याकडे बघितलं. ही शरयूला चहात साखर किती ते विचारत होती. एवढ्या वर्षांत मला ती सातवीत पहिली आल्याचं माहीत नव्हतं. दप्तराचं तुम्हाला आठवतं का, हे विचारायला फोन उचलला होता, पण तसाच ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसलो आणि "काय चाललंय?" असं पोरीला विचारलं. मागं कोण आलंय ते तिनं वळून बघितलं. मग मी सुपाकडे हात नेला, तर ती स्पष्ट आवाजात म्हणाली, "हात लाऊ नको." माझ्याशी बोललेलं तिचं पहिलं पुरं वाक्य. गुणमाला हसली नाही, पण तिचा पदर तोंडाशी गेला. मी विचारलं, "मग काय करू?" पोरीनं बराच विचार केला आणि माझ्या तळहातावर एक खडा ठेवला. त्यावर आमचं दहा मिनिटं चाललं.

मुलाबाळांना आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच.

तुमचा,
मदन

ता.क. मूळ मुद्दा राहिला. तान्ह्या पोरांशी कसं बोलावं, हे नव्या आयांना शिकवायला संस्थेला इथल्याच बाया पाहिजेत. शरयूनं गुणमालेचं नाव घेतलं. मी पटकन म्हणून गेलो, तिला जमणार नाही, ती बोलत नाही. (हिनं माझ्या पुढ्यातला चहाचा कप तसाच उचलून नेला.) त्यांना सातवी पास असल्याचा कागद लागतो. तेव्हा गुडघा दुखत असला तरी गावच्या शाळेत जाऊन हिचा दाखला काढून पाठवाच. हिला सांगू नका. आपल्याकडून अचानक द्यायचा आहे.

ता.क. चि. भरतेश, यांनी पत्र पेटीत टाकायला माझ्याकडेच दिलं, पाकीट उघडंच होतं. तू शाळेत जाऊ नकोस. दाखला माझ्या ट्रंकेत आहे, लग्नात येतानाच आणला होता. यांनी कधी विचारलं नाही. तो मी शरयूकडे दिला, बुधवारपासून वर्ग सुरू होणार आहेत. पहिल्या दिवशी अकरा जणी येणार, अंगणवाडीचं छत गळतंय म्हणून आपल्याच सोप्यात, ओसरीवर बसवीन. यांना अजून सांगितलेलं नाही. बुधवारी कळेल. गोळी घेत जा.

गुणमाला