आकाशच्या छातीचा फोटो

उल्हासनगर, कॅम्प ४

आईस शीलाचा जय भीम.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र विक्रांतदादाच्या हाती देते आहे. तो वाचून दाखवेल. तुझा गुडघा कसा आहे?

आपल्या आकाशला दवाखान्यात ठेवलंय. घाबरू नको, मी त्याच्याजवळच आहे. मांडीवर गळू झालं होतं, तरी तो मोरिवलीला कंपनीत जात राहिला. मग थंडी वाजून ताप आला आणि खोकल्यातून रक्त पडलं. शेजारचे टीबी म्हणाले, पण टीबी नाही. डॉक्टरांनी सीटी स्कॅनचा फोटो दाखवला. दोन्ही फुफ्फुसांत गोल गोल डाग आहेत, काही आतून पोकळ झालेत. गळवातले जंतू रक्तात मिसळले आणि रक्ताबरोबर तिथे जाऊन बसले, असं त्यांनी समजावलं.

औषध शिरेतून चालू आहे. काल थोडी पेज घेतली त्याने. "आईच्या हातची नाही ही," म्हणाला. ऑक्सिजन लावलाय, म्हणून फार बोलू देत नाहीत.

आज पुन्हा फोटो काढला. डाग वाढलेत. छातीत पू साठलाय, तो काढायला नळी घातली आहे. डॉक्टर म्हणाले, "घरच्यांना बोलावून घ्या."

मी म्हटलं, "मी बहीण आहे त्याची. घरचीच आहे."

त्यावर ते म्हणाले, "आई असेल तर आईला बोलवा."

कोंबड्या बनूकाकूंकडे ठेव आणि दादाबरोबर लगेच निघ. तू निघालीस, असं मी आकाशला सांगून टाकलंय.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
शीला